टोच्याचं बोट आणि अण्णांचं कपाट

९ जानेवारी

ती. अण्णांना आणि आईला, धाकटीचा सा. न. वि. वि.

नमस्कार बसल्या जागेवरूनच करतेय. मांडीवर टोच्या आहे, आणि त्याचा उजवा हात मी माझ्या डाव्या हातात घट्ट धरून ठेवलाय. सोडला तर काय होतं ते पुढे येईलच. अक्षर वाकडं आलं तर तो हलला असं समजा.

अण्णा, आधी रागावू नका. गेल्या महिन्यात टोच्याचं बोट दारात सापडलं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. कुठल्या दारात ते लिहू नकोस असं हे सांगत होते, पण मला लपवालपवी जमत नाही. तुमच्या कपाटाच्या. आम्ही घर मांडलं तेव्हा तुम्ही ते पाठवलंत आणि दार आपोआप मिटतं म्हणून सगळ्यांना उघडून उघडून दाखवलंत, तेच. टोच्या बिजागरीच्या फटीत बोट घालून बघत होता. मी चुलीपाशी होते. मी थांब थांब म्हणून ओरडले, पण दार आपलं काम चोख करतं. मिटलं.

तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बोट बांधलं, हाड जुळेल म्हणाल्या. मग तुम्हाला कशाला घोर लावायचा, बरं झाल्यावर सांगू, असं म्हणून मी गप्प बसले. काल परत हाडाचा फोटो काढला. त्यांनी तो उजेडासमोर धरला आणि पेनने दाखवलं. सांध्यात जे हाडाचं टोक असतं, तिथं रक्त पोचत नाहीये. मार लागला तेव्हा रक्ताची वाटच तुटली. ते टोक मेल्यासारखं झालंय.

अण्णा, मी विचारलं, पोर जिवंत आणि त्याच्या आतलं हाड मेलेलं, असं कसं असतं. त्या म्हणाल्या, असतं. पण लहान मुलांचं रक्त हट्टी असतं, पुष्कळदा नवी वाट काढून आत शिरतं आणि नवं हाड धरतं. तोवर ते टोक दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखं मऊ. त्याच्यावर जोर पडला तर चपटं होणार आणि बोट जन्मभर काठीसारखं ताठ. औषध काही नाही. बोटाला दोन महिने काम द्यायचं नाही, एवढंच. मार्चमध्ये परत फोटो.

टोच्याच्या बोटाला काम द्यायचं नाही. त्याचं नाव तुम्हीच ठेवलंत, तुम्हाला सांगायला नको. केळं दिसलं की टोच. साबण दिसला की टोच. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका डुलकी काढत बसले की त्यांच्या कानात टोच. आणि दुसरं असं की तो अजून बोलत नाही. अडीच वर्षांचा झाला, कान उत्तम आहेत, सगळं समजतं, पण तोंडातून फक्त ऊं. बाकी सगळं बोलणं त्या एका बोटाने. दूध हवं, बोट. बाहेर जायचंय, बोट. मी चुकले, तरी बोट. ते बोट ताठ राहिलं तर माझं पोर मुकंच झालं म्हणायचं. हे म्हणतात, मी फार पुढचा विचार करते. मला मागचा करता येत नाही, मागचा केला की रडू येतं.

दवाखान्यातून पत्र्याची पट्टी बांधून दिलीय. ती तो डाव्या हाताने काढतो. कितीही चिकटवा, काढतो. काल ती ह्यांच्या बुटात सापडली, परवा दुधाच्या भांड्याच्या तळाशी. सगळ्यांचं दूध पिऊन झाल्यावर.

तुम्ही लाकडाची अशी काहीतरी पट्टी कराल का, जी ह्याला काढता येणार नाही. माप हे पाठवतील. हातमोज्याच्या कारखान्यात आहेत, बोटांची मापं घेणं हेच त्यांचं पोटापाण्याचं काम.

आईला सांगा, मी जेवते. माया आहे तशी असू द्या, कपाटावरून कमी करू नका.

तुमची,
धाकटी


१५ जानेवारी

चि. घाबरटीस, अनेक उ. आ. त्यातला अर्धा आशीर्वाद टोच्याच्या बोटाला काढून ठेव.

पत्र पोचलं. वाचलं. तुझ्या आईला वाचून दाखवलं. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाहीये. कपाटाबद्दल जे बोलायचं ते ती पातेल्यांशी बोलते, पण मला ऐकू येईल असं.

पहिली गोष्ट, कपाटात दोष नाही. बिजागरी मी मुद्दाम केसभर कलती बसवली होती, म्हणूनच दार आपोआप मिटतं. असं दार आमच्या भागात दुसरा कोणी सुतार करत नाही. आता कळतंय की का करत नसावेत.

दुसरी गोष्ट, तू घाबरू नकोस. लाकडातही हे असतं. फळीत दोन तऱ्हेच्या गाठी सापडतात. एक जिवंत गाठ, ती भोवतालच्या लाकडाशी एकजीव असते, तिच्यावरून रंधा मारला की चकाकते. दुसरी मेलेली गाठ. तिच्याभोवती काळी रेघ असते, ती नुसती अडकून बसलेली असते, आणि कधीतरी फळी वाळली की टुपकन गळून पडते आणि तिथं आरपार भोक.

एवढं लिहून झाल्यावर ते मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला धीर देताय की पोराचं बोट गळून पडणार असं कळवताय. तर ते खोडलं असं समज. शाईने लिहिलंय म्हणून दिसतंय.

मेलेलं लाकूड ओळखायचं तर ठोकून आवाज ऐकतात. जिवंत लाकूड टणटण वाजतं, मेलेलं बदबद. टोच्याच्या बोटावर हे करून बघू नकोस. ही ओळ तुझ्या आईने घालायला लावली. तिला वाचता येत नाही, पण तिने किती सांगितलं आणि मी किती ओळी लिहिल्या हे ती बरोबर मोजते.

पट्टी नाही, मी अख्खा पंजाच करतो. हात आत सरकवायचा, वर झाकण, मनगटापाशी खिट्टी, आणि खिट्टी अशा ठिकाणी की ती टोच्याला काय, चोरालाही सापडणार नाही. हलकं लाकूड माझ्याकडे आहे, एका गिऱ्हाइकाच्या पाळण्यासाठी आणलं होतं. त्याचं बाळ थोडं थांबेल. जावईबुवांना म्हणावं माप लवकर पाठवा, आणि नेमकं पाठवा. मी मापाच्या बाहेर जाणारा माणूस नाही, म्हणून माप चुकलं तर वस्तू चुकलीच.

आई विचारते, बोट गरम लागतं का. रोज हात लावून बघ आणि कळव.

आमची आठवण काढत जा, पण कपाट उघडताना नको.

तुझे,
अण्णा


२१ जानेवारी

ती. अण्णांना आणि आईला सा. न. वि. वि. आज नमस्कार दोन्ही हातांनी, कारण टोच्या झोपलाय.

आईला सांगा, बोट गरम लागतं. मी दिवसातून किती वेळा माझ्या गालाला लावून बघते त्याला हिशोब नाही. मग वाटतं माझा गालच गार असेल, म्हणून ह्यांच्या गालाला लावते. ते म्हणतात, गरम आहे. मग वाटतं ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात. काल घड्याळवाल्या काकांच्या गालाला लावायला गेले तर टोच्याने ते त्यांच्या तोंडातच घातलं. काका म्हणाले, बोट गरम आहे आणि त्याला साबणाची चव आहे.

अण्णा, तुमची ती मेलेली गाठ मला सारखी आठवते. सकाळी उठले की आधी त्याची बोटं मोजते. आतापर्यंत सगळी आहेत.

ह्यांनी तो झोपलेला असताना त्याच्या उजव्या हाताचं माप घेऊन एक इवलासा हातमोजा शिवलाय. इतका गोड झालाय की मीच तो दिवसभर अंगठ्यावर घालून फिरत होते. त्यात बारीक कापूस ठासून भरलाय, म्हणजे हाताचा आकार तुम्हाला जसाच्या तसा दिसेल. शिवण बाहेरच ठेवलीय. कारखान्यात मोजे असेच शिवतात, उलटे, शिवण बाहेर, आणि शेवटी काठीने एकेक बोट सुलटं करतात. हे म्हणाले, आतलं माप नेमकं मिळायचं तर असंच बरं, अण्णांना कळेल. पाठीवर तीन दोऱ्यांच्या रेघा घातल्यात, म्हणजे वरची बाजू कुठली ते समजेल. पार्सल बरोबर आहे.

पट्टीचं रामायण चालूच आहे. मी पट्टीवर सॉक्स चढवला, त्याने सॉक्स काढला. मी सॉक्सवर दोरी बांधली, त्याने दोरी दातांनी सोडली. ह्यांनी कारखान्यातला चिकट डिंक आणला. आता सॉक्स ह्यांच्या सदऱ्याला चिकटलाय आणि टोच्या मोकळा. काल तर मी रडलेच. म्हटलं, बाळा, नको रे टोचू, तुझं बोट मऊ झालंय आत. त्याने माझा चेहरा पाहिला आणि माझ्या डोळ्यातलं पाणी कुठून येतं ते बघायला तेच बोट डोळ्यात घातलं.

हसू येतं लिहिताना, पण खरं सांगते अण्णा, प्रत्येक वेळी ते बोट कुठे टेकलं की मी धावत जाऊन ते हातात घेते. वाटतं, गेलं. आत्ताच चपटं झालं. बाहेरून काही दिसत नाही हाच तर त्रास आहे. जखम असती तर बघत बसले असते.

लवकर करा. जीव टांगणीला आहे, तो तुमच्याच खिळ्याला टांगलाय.

तुमची,
धाकटी


३० जानेवारी

चि. धाकटीस अ. उ. आ., जावईबुवांना नमस्कार आणि त्यांच्या शिवणीला शाबासकी.

पार्सल हातात पडलं असेल. आधी बाहेरून नीट बघ, मग उघड. मी आयुष्यात पुष्कळ वस्तू केल्या, पण अशी केली नाही. हातमोजा समोर ठेवून, त्याच्या एकेका बोटाला कंपास लावून कोरलाय. अंगठ्याशेजारच्या बोटाला आत खोल पन्हळ आहे, वरून काही लागणार नाही, खालून काही टेकणार नाही. आत आईच्या जुन्या मऊ लुगड्याचं कापड लावलंय. लुगडं जुनं नव्हतं असं ती म्हणते. झाकणावर एक पक्षी कोरलाय. पक्ष्याची चोच हीच खिट्टी. चोच दाबून डावीकडे सरकवली की झाकण उघडतं. हे टोच्यासमोर करू नकोस.

तुझी आई म्हणते, पंजा भाताच्या डावासारखा दिसतो. तिला कलेतलं कळत नाही.

त्याच पार्सलमध्ये रबराचे तुकडे आहेत. जावईबुवांना म्हणावं, कपाटाच्या चौकटीला आतून वर आणि खाली ठोका. म्हणजे दार आपोआप येईल खरं, पण मिटण्याआधी चार बोटं अलीकडे थांबेल. पुढे हाताने ढकलायचं. सोय गेली, पण असू दे.

बोट गरम आहे हे वाचून आई दिवसभर खुशीत होती. माझ्याशी चक्क तोंडावर बोलली.

खुशाली कळवत राहा. उत्तर उशिरा आलं तर मी पोस्टमनला घाबरवतो, आणि तो बिचारा म्हातारा आहे.

तुझे,
अण्णा


८ फेब्रुवारी

ती. अण्णांना आणि आईला सा. न. वि. वि. आधी बसून घ्या.

पार्सल पोचलं. पंजा बघून मी हरखूनच गेले. पक्षी तर असा की आत्ता उडेल. मी टोच्याला मांडीवर घेतलं, उजवा हात धरला आणि आत सरकवायला लागले. जाईना. अंगठा एकीकडे, अंगठ्याची खाच दुसरीकडे. मला वाटलं मीच उलटी बसलेय. मी उठून दुसऱ्या बाजूला बसले. तरी जाईना.

संध्याकाळी हे आले. त्यांनी पंजा हातात घेतला, फिरवला, परत फिरवला, आणि स्वतःच्या डाव्या हाताशेजारी धरून बघितला. मग हळूच म्हणाले की हा डाव्या हाताचा आहे.

अण्णा, उजवा मोजा उलटा केला की डावा होतो. हे दिवसभर दुसरं काही करत नाहीत, हेच करतात. डाव्याचा उजवा, उजव्याचा डावा. त्यांना वाटलं, तुम्ही सुलटा करून घ्याल. तुम्हाला वाटलं, आलं तसंच माप. मला तर काहीच वाटलं नाही, मला तो नुसता गोड वाटला. ह्यांचं तोंड इतकं उतरलं की मला त्यांनाच धीर द्यावा लागला. दोन दिवस कारखान्यात कोणाला सांगितलं नाही त्यांनी. मग मीच त्यांच्या मुकादमाच्या बायकोला सांगितलं, तेव्हा सगळ्यांना कळलं.

पण पुढचं ऐका. टोच्याला तो पक्षी दिसला. झालं. त्याने स्वतःहून डावा हात आत घातला आणि झाकण लावा म्हणून ऊं ऊं करून घर डोक्यावर घेतलं. हे म्हणाले, घालू दे, निदान रडायचा तरी थांबेल. लावलं. आता काढू देत नाही. आणि डावा हात पंजात अडकला म्हणजे उजव्याची पट्टी काढणार कशाने. दातांनी एकदा बघितलं, पक्ष्याची चोच नाकाला लागली, सोडून दिलं.

अण्णा, पट्टी जागच्या जागी आहे. मी सारखी जाऊन बघते. आहे.

मला भीती वाटली की चांगला हात बांधला म्हणून डॉक्टरीणबाई ओरडतील. विचारून आले. त्या आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, जेवताना, आंघोळीला आणि झोपताना काढा, बोटं हलवू द्या, बाकी वेळ त्याला आवडतंय तर राहू दे. आता तो दोन्ही हात पुढे धरून घरभर फिरतो, चौकातल्या पोलिसासारखा. काकांच्या दुकानात गेला की गिऱ्हाइकं आपोआप वाट देतात.

पण टोचता येत नाही, दाखवता येत नाही, म्हणून चिडतो फार. दुधाकडे बघून ऊं, खिडकीकडे बघून ऊं. मला कळत नाही कुठलं ऊं कशाचं. आधी बोट होतं तर कळायचं. तो मला बघतो आणि मी त्याला बघते, आणि दोघांनाही रडू येतं. हाड वाचवायच्या नादात पोराचं आहे ते बोलणंही मी काढून घेतलं की काय, असं वाटतं.

रबर हे रविवारी ठोकणार आहेत.

दुसरा पंजा करू नका म्हणून पत्र घाईने लिहिलं. उजवा आला तर डावा तो काढून टाकेल, आणि मग दोन्ही हात मोकळे.

माया असू द्या, आणि ह्यांच्यावर थोडी जास्त.

तुमची,
धाकटी


१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ. जावईबुवांना आशीर्वाद द्यायचा की नाही ते शेवटी ठरवतो.

पंजा चुकलेला नाही. मोजा चुकलेला आहे. पंजा मोज्याप्रमाणे अगदी बिनचूक आहे, हे मी तुझ्या आईला मोजा सुलटा उलटा करून समजावून सांगितलं. ती म्हणाली, दोन शहाणे मिळून एक उजवा हात ओळखू शकले नाहीत. आता हे ती दळणाच्या रांगेत सांगते. मला गल्लीतली पोरं दोन्ही हात दाखवून विचारतात, काका, ह्यातला उजवा कुठला.

तू नको लिहिलंस तरी रागाच्या भरात उजवा पंजा कोरायला घेतलाच होता, अर्धा झाला. ठेवून दिला. पाळण्याच्या गिऱ्हाइकाचं बाळ झालं. ते सध्या टोपलीत झोपतं.

टोच्या पोलिसासारखा फिरतो हे वाचून मी खूप हसलो. ऊं ऊं करून रडतो हे वाचून हसलो नाही. तू त्याचं बोलणं काढून घेतलं नाहीस. तूही उशिरा बोललीस. आणि एकदा सुरू झालीस ती अजून थांबली नाहीस, हे तुझ्या पत्रांच्या वजनावरून पोस्टातली माणसंही सांगतील.

आता पुढचं मी लिहिणार नव्हतो, पण तुझी आई समोर बसून ओळी मोजतेय. ती लिहायला सांगते की तुझे अण्णा महिनाभर पिशवीत रबराचे तुकडे आणि हातोडी घेऊन गावभर हिंडतायत. ज्या ज्या घरी ह्यांनी आपोआप मिटणाऱ्या दाराचं कपाट दिलंय, त्या त्या घरी जाऊन, कोणी न बोलावता, फुकट रबर ठोकून येतात. लोकांना वाटतं ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. एका बाईंनी तर घाबरून दारच उघडलं नाही, तर हे खिडकीतून विचारत होते, घरात लहान पोर आहे का. जेवायला वेळेवर येत नाहीत. आणि विचारलं तर म्हणतात, कपाटात दोष नाही.

हे सगळं तिचं म्हणणं आहे. कपाटात दोष नाही.

फोटोची तारीख कळव. त्या दिवशी मी काही काम घेणार नाही, म्हणजे हात कापून घ्यायला नको.

जावईबुवांनाही आशीर्वाद. शिवण खरंच चांगली होती.

तुझे,
अण्णा


१२ मार्च

ती. अण्णांना आणि आईला, टोच्याच्या आईचा सा. न. वि. वि.

आईला लगेच सांगा, मग पुढे वाचा. रक्त आलं. हाड धरतंय.

आता सावकाश सांगते.

ह्यांनी त्या रविवारी कपाटाला रबर ठोकलं. टोच्या तेव्हा झोपला होता, त्याला काही माहीत नाही. दुपारी तो दोन्ही हात पुढे करून कपाटासमोर उभा. मी कपाटातून कपड्यांचा ढीग घेऊन वळले आणि दार यायला लागलं, आपोआप, नेहमीसारखं. तो मागे सरकेना. बोट होतं तर दाखवलं असतं, पण हात दोन्ही अडकलेले. मला ओरडायलाही सुचलं नाही. आणि त्याने दाराकडे बघून, अगदी माझ्या आवाजात, मोठ्याने म्हटलं,

"थांब."

आणि अण्णा, दार थांबलं.

चार बोटं अलीकडे, तुमच्या रबराला टेकून. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. मी तिथेच खाली बसले, कपड्यांच्या ढिगावर. तो परत दार उघडा म्हणून ऊं ऊं. मी उघडून सोडलं. थांब. थांबलं. परत. थांब. थांबलं. संध्याकाळी हे आले तेव्हा मी दार उघडत होते, तो थांबवत होता, आणि स्वयंपाक काहीच झालेला नव्हता.

तेव्हापासून तो सगळ्यांना थांबवतो. काकांच्या दुकानातल्या लंबकाला थांब म्हणतो, तो थांबत नाही म्हणून रोज भांडतो. परवा काकांनी त्याचं मन राखायला हळूच बोटाने लंबक धरला, तर आता दुकानातली निम्मी घड्याळं मागे पडलीयत. आणि एकदा तोंड उघडलं ते उघडलंच. दूध, चल, नको, पक्षी, अजून. बोट नाही म्हणून शब्द काढावे लागले त्याला. मी उगाच रडत होते. मला वाटत होतं दोन गोष्टी जातायत.

काल फोटोला गेलो. रात्रभर मला झोप नाही, पण माझ्याआधी तो फोटोवाला माणूसच घाबरेल असं वाटलं नव्हतं. फोटो काढताना पोराने अजिबात हलायचं नाही. तो माणूस बटण दाबायला गेला, तेवढ्यात टोच्या ओरडला, थांब. माणूस जागच्या जागी पुतळा. टोच्या यंत्राकडे बघत पुतळा. मी पुतळा. मग त्या माणसाला आठवलं की बटण त्यालाच दाबायचंय. फोटो असा स्वच्छ आला की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं स्थिर पोर त्यांनी बघितलं नाही.

त्यांनी जुना फोटो आणि नवा शेजारी शेजारी लावले. मला कळेना कुठे बघायचं. ह्यांनी माझा दंड धरला होता. त्यांनी पेनने दाखवलं. टोक चपटं झालेलं नाही. कडेने नवं हाड धरलंय. बोट थोडं वाकडं राहील, शेजारच्या बोटाकडे मान तिरकी करून बघतंय असं, पण मिटेल आणि उघडेल. डाव्या पंजामुळे वाचलं का, असं ह्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही, लहान मुलांचं हाड असंही भरून येतं, पण पट्टी जागेवर राहिली हे फार चांगलं झालं. ह्यांनी एवढंच ऐकलं की चांगलं झालं. आता कारखान्यात स्वतःच सांगत फिरतात की त्यांनी मोजा मुद्दाम उलटा पाठवला होता.

पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी टोच्याला बोट वाकवायला सांगितलं. त्याने बोट ताठ धरलं. वाकवेना. बघत राहिला त्या बोटाकडे, जसं काही दुसऱ्याचंच आहे. मी पण बघत राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई नको. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्या त्याच्याकडे वाकल्या आणि त्याला त्यांचं नाक अगदी जवळ दिसलं.

टोच.

बोट वाकलं. नाकात असलं तरी मला दिसलं, वाकलं ते. मी त्यांची माफी मागायची सोडून त्यांच्या गळ्यात पडले.

आम्ही शाळांना सुट्टी लागण्याआधी येतो, म्हणजे गाडीत जागा मिळेल. टोच्याला अण्णांचं कपाट म्हणजे अण्णाच वाटतात. कपाटाला रोज हात लावून बाय करतो.

पंजा त्याने सोडला नाही. आता तो डाव्या हातात पंजा घालतो आणि मोकळ्या बोटाने पक्ष्याला टोचतो. चोच सरकवायची असते हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं.

तुमची माया आमच्यापर्यंत पोचली. पार्सलाने आली तरी पोचली.

तुमची,
धाकटी


१८ मार्च

चि. धाकटीस, जावईबुवांना आणि चि. टोच्यास अ. उ. आ., ह्या वेळी पूर्ण, मागे काही ठेवलेलं नाही.

पत्र मी दुकानात वाचलं. मग घरी आलो आणि तुझ्या आईला वाचून दाखवलं. मग तिने ते शेजारणीकडून वाचून घेतलं, मी काही गाळलं नाही ना ते बघायला. शेजारीण वाचताना मध्येच रडली, म्हणून शेवटचं परत मलाच वाचावं लागलं, आणि मला चष्म्यातून नीट दिसत नव्हतं.

उजवा पंजा आता पुरा करतो आणि पाळण्याच्या गिऱ्हाइकाला देतो. त्यांचं बाळ मोठं होईल, कपाट त्यांच्याकडेही माझंच आहे.

कपाटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. काल जेवण झाल्यावर तुझी आई भांडी ठेवत होती. मी आमच्या घरातल्या कपाटाचं दार उघडून सोडलं आणि त्याच्यासमोर दोन्ही हात पुढे करून उभा राहिलो. चांगला खणखणीत आवाज काढला. थांब म्हणालो.

ऐकलं नाही. मिटलं. सदऱ्याची बाही आत अडकली.

तुझी आई हसत हसत खाली बसली. मग म्हणाली, गावभर ठोकत फिरलात, घरच्या कपाटाला रबर कोणी लावायचं.

तुम्ही येताय म्हणून आजच लावतो. चुकून राहून गेलंच, तर तू टोच्याला बाहेर पायरीवरच जरा खेळवत ठेव, म्हणजे आत आल्यावर त्याचं दार त्याचं ऐकेल.

वाट बघतोय. ह्या ओळी तुझ्या आईने मोजल्या आहेत, तिच्या सगळ्या आल्या आहेत.

तुझे,
अण्णा